चौदा आण्यांचा निर्णय

उद्योगधंद्यात नेतृत्व म्हणजे नेमके काय, हे जाणून घेण्यासाठी आपण मोठ्या कंपन्यांच्या यशोगाथा वाचतो, मुलांना व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांना पाठवितो, प्रसंगी स्वतःही एखाद्या शिबिराला जाऊन येतो. त्यात गैर काही नाही. मला मात्र या प्रश्नाचे उत्तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगडच्या एका आंबाबागेत मिळाले आणि त्यासाठी बरीच किंमत मोजावी लागली. त्या किमतीत पैसा थोडा होता, दिलेला शब्द अधिक होता. पैशाची तूट व्यापारी पुढच्या वर्षी भरून काढतो. शब्द खोटा पडला तर ती तूट कोणत्याही खतावणीत मांडता येत नाही. आपल्यापैकी अनेकांचे दुकान, पेढी किंवा कारखाना पाच-पंचवीस माणसांच्या भरवशावर चालतो. म्हणून हा अनुभव आणि त्यावरचे चिंतन वाचकांपुढे ठेवीत आहे.

हंगाम दहा आठवड्यांचा

देवगड तालुक्यातील हापूसची बरीचशी लागवड जांभ्या कातळावर झाली आहे. सुरुंगाने खडक फोडायचा, खड्ड्यात बाहेरून आणलेली माती भरायची आणि त्यात कलम लावायचे, अशा कष्टाने तेथील बागायतदारांनी उजाड सडे हिरवे केले. झाड उभे राहिल्यावरही वर्षभर उसंत नसते. पावसाळ्यात खते द्यावयाची, पाऊस सरला की पालवीवर आणि मोहोरावर लक्ष ठेवावयाचे, थंडीत तुडतुडे, फुलकिडे आणि भुरी यांच्याशी झुंजत फवारण्या करावयाच्या, वानरांपासून फळे राखावयाची. एवढे झाल्यावर मार्च ते मे या काळात काढणी येते. जूनचा पाऊस दाराशी आला की सारे संपले. आपल्या अनेक घरांत तर आर्द्रा नक्षत्र लागले की आंबा वर्ज्य होतो. बारा महिन्यांचा खर्च सुमारे दहा आठवड्यांत वसूल करावयाचा, असा हा व्यवसाय आहे.

या दहा आठवड्यांत एका आंब्याला किती हात लागतात, ते पाहण्यासारखे आहे. बागेतल्या मांगरात राहून रात्रंदिवस राखण करणारा गडी बहुधा नेपाळमधून आलेला असतो. स्थानिक मुकादम कामाची वाटणी करतो. झेला घेऊन फळ उतरविणारे वेगळे, डोक्यावरून क्रेट वाहणारे वेगळे. फळांची निवड, प्रतवारी आणि पेटीत भरणी हे काम मुख्यतः वाडीवरच्या स्त्रिया करतात. पुढे टेम्पोचालक, वाशीच्या बाजारातील आडत्या, शहरातला किरकोळ विक्रेता आणि शेवटी ग्राहक. या साखळीत कोणी मालवणी बोलतो, कोणी नेपाळी, कोणी हिंदी, कोणी गुजराती. त्यांतील निम्मी माणसे एकमेकांना कधी पाहतही नाहीत. ज्याच्या नावाने माल विकला जातो तो मालक तर यांतल्या बहुतेक ठिकाणी हजरच नसतो.

झेल्याच्या टोकाशी असलेला अधिकार

हापूस झाडावर पिकू देत नाहीत. तो चौदा आणे तयार झाला की उतरवितात आणि भाताच्या पेंढ्यात आढी घालून पिकवितात. जुन्या रुपयाचे आणे सोळा; त्यातले दोन आणे मागे ठेवून फळ काढावयाचे, म्हणजे सुमारे पंच्याऐंशी टक्के पक्वतेला. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारसही हीच आहे. याहून कोवळे काढले तर फळ सुरकुतते, आंबट राहते, त्याला वास धरत नाही. याहून जून झाले तर ते टिकत नाही आणि आतून बिघडण्याचा धोका वाढतो.

चौदा आणे कसे ओळखावयाचे? फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात, देठाशी किंचित खळगा पडतो, गर्द हिरवा रंग फिका होऊ लागतो. पाण्यात सोडले तर पोक्त फळ तळाशी जाते, कोवळे तरंगते. पण झाडावर पाण्याचे भांडे नसते. तेथे असतो एक माणूस, त्याच्या हातात लांब काठीचा झेला, आणि एका फळासाठी त्याला मिळणारे दोन-तीन क्षण. एकाच झाडावर, एकाच घोसात एक फळ चौदा आण्यांचे असते आणि शेजारचे दहा आण्यांचे. कोणते घ्यावयाचे आणि कोणते ठेवावयाचे हे तोच ठरवितो. विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने फळ देठासह निघते आणि चीक सालीवर ओघळत नाही. परंतु उत्तम झेलासुद्धा निर्णय घेत नाही. तो त्या हातानेच घ्यावा लागतो.

म्हणजे ज्या निर्णयावर पेटीची किंमत, पेढीचे नाव आणि ग्राहकाचा विश्वास अवलंबून आहे, तो निर्णय त्या साखळीतील सर्वांत कमी मजुरी घेणारा माणूस मालकाच्या नजरेआड दिवसातून हजारदा घेत असतो. ही गोष्ट केवळ बागेची नाही. आपल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला उत्तर देणारा विक्रेता, सराफी पेढीवर वजन करणारा कारागीर, औषधांच्या गोदामात मुदतीची तारीख पाहणारा मुलगा, हे सारे झेल्याच्या टोकाशी उभे असलेले लोक आहेत. आपण गादीवर बसून मोठे निर्णय घेतो असे आपल्याला वाटते; धंद्याचे खरे निर्णय तेथे होत असतात. ते आपल्या पाठीमागेही योग्य व्हावेत अशी व्यवस्था उभी करणे, हेच पुढाऱ्याचे काम आहे, असे आता मला वाटते. पूर्वी वाटत नव्हते.

आमची अक्षय्य तृतीया

आमच्या घरचा फळांचा घाऊक व्यवहार आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही देवगड परिसरातील एक बाग हंगामापुरती कराराने घेतली. घरातला चोवीस वर्षांचा पुतण्या बागेवर राहू लागला. मी शहरातून फोनवर सूत्रे हलवू लागलो. पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या वर्षी मोहोर उशिरा आला, अक्षय्य तृतीया मात्र एप्रिलमध्येच होती.

अक्षय्य तृतीयेचे महत्त्व वाचकांना सांगावयास नको. भगवान ऋषभदेवांना राजा श्रेयांसाने उसाच्या रसाचा आहार दिला तो हा दिवस. वर्षीतप करणाऱ्यांचे पारणे याच दिवशी होते. आमच्या शहरातील संघाने साधर्मिक भोजनासाठी आंब्याचे काम मोठ्या विश्वासाने आमच्याकडे सोपविले होते. शिवाय नेहमीच्या ग्राहकांच्या मागण्या होत्या. मी हिशोब केला आणि बागेवर निरोप दिला, “शुक्रवारपर्यंत दोनशे पेट्या निघाल्याच पाहिजेत.”

दोनशे पेट्या निघाल्या. एकही कमी नाही. मी मुकादमाचे फोनवर कौतुक केले आणि सर्वांना गोड खाण्यासाठी पैसे पाठविले.

आठ दिवसांनी आढी उघडली. वरच्या थरातले काही आंबे पिवळे झाले होते. खालच्या बहुतेक फळांवर सुरकुत्या पडल्या होत्या. कापली तेव्हा फिकट आणि आंबट निघाली. भोजनाच्या आदल्या रात्री समितीतल्या मंडळींना धावाधाव करून बाजारातून मिळेल तो माल घ्यावा लागला. कोणी मला एक शब्द बोलले नाही, आणि तेच अधिक झोंबले. वर्षभर एकांतर उपवास केलेल्या तपस्वींसमोर मी मान खाली घालून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी रागाने देवगड गाठले. मांगरासमोर सर्वांना उभे केले आणि कोवळी फळे कोणी काढली ते विचारले. थोडा वेळ कोणी बोलेना. मग मुकादम शांतपणे म्हणाला, “शेटानू, आमका सगळ्यांका म्हायत होता. पण तुमी आकडो सांगितल्यात. झाडाक कोणी इचारल्यान नाय.”

मी पुतण्याकडे वळलो. “तुला माहीत होते?”

“होते, काका.”

“मग बोलला का नाहीस?”

“मागल्या वर्षी एकदा नको म्हणालो होतो. तेव्हा तुम्ही सर्वांसमोर विचारलेत, धंदा तू मला शिकविणार का?”

मला तो प्रसंग आठवत नव्हता. त्याला शब्दन् शब्द आठवत होता. त्या बागेत माझ्याखेरीज प्रत्येकाला सत्य माहीत होते, आणि ते माझ्यापर्यंत पोहोचण्याची वाट मीच माझ्या जिभेने बंद करून टाकली होती.

आकडा मागितला की आकडा मिळतो

परतीच्या प्रवासात प्रथम जाणवले ते असे की, माझ्या माणसांनी माझी आज्ञा मोडली नव्हती. ती तंतोतंत पाळली होती. मी पेट्या मागितल्या, त्यांनी पेट्या दिल्या. मजुरीवरचे बक्षीसही मी उतरविलेल्या क्रेटच्या संख्येवर ठेवले होते. जो सावकाश पाहून फळ निवडेल त्याचे क्रेट कमी भरणार आणि त्याला बक्षीस कमी मिळणार. चांगल्या कामाला दंड आणि घाईला इनाम, अशी योजना मी स्वतःच्या हाताने लिहिली होती आणि वर चांगल्या फळाची अपेक्षा बाळगून बसलो होतो.

आपल्या व्यवसायांत हे सर्रास घडते. विक्रेत्याला केवळ विक्रीच्या रकमेवर कमिशन दिले की तो गिऱ्हाइकाला नको असलेला माल गळ्यात मारतो. वसुली करणाऱ्याला केवळ वसुलीवर मोजले की तो जुनी नाती तोडून येतो. आपण नंतर त्यांच्या नीतीला दोष देतो. वस्तुतः माणूस बहुधा ज्याची मोजदाद होते तेच करतो. म्हणून नेत्याने काय मोजावयाचे हे ठरविताना, ते मोजल्याने झेल्याच्या टोकाशी उभा असलेला माणूस कसा वागेल, याचा विचार आधी करावयास हवा.

पुढच्या हंगामात आम्ही दोन बदल केले. पेट्यांचा आकडा शहरातून बागेकडे जाणार नाही, बागेतून शहराकडे येईल, असे ठरविले. मुकादम आणि पुतण्या सकाळी झाडे पाहून सांगतील तेवढीच मागणी आम्ही स्वीकारू. आणि बक्षीस क्रेटवरून काढून आढीतून चांगल्या निघालेल्या फळांवर ठेवले. त्यासाठी प्रत्येक दिवसाच्या काढणीची आढी वेगळी ठेवावी लागते आणि हिशोब वाढतो. पण व्यापाऱ्याच्या घरात हिशोबाला कोणी भीत नाही.

साका बाहेरून दिसत नाही

हापूसचा एक रोग आहे, साका. फळ बाहेरून निर्दोष, रंग सोन्यासारखा; कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, बेचव गर. कितीही जाणकार असला तरी त्याला हे वरून ओळखता येत नाही. तापलेल्या कातळाची धग हे त्याचे एक कारण मानले गेले, तर पुढच्या संशोधनाने फळातील कोयीच्या अंतर्गत घडामोडींकडेही बोट दाखविले. उपाय मात्र साधे आहेत: फळ चौदा आण्यांवर काढावे, झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे, काढणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावी आणि उतरविलेली फळे तापलेल्या जमिनीवर न टाकता सावलीत ठेवावीत. थोडक्यात, उष्णता फळापर्यंत पोहोचू द्यावयाची नाही.

संस्थेलाही साका होतो. बाहेरून सारे ठीक असते. उलाढाल वाढत असते, दिवाळीला वहीपूजन थाटात होते. आतमध्ये माणसांनी खरे बोलणे सोडून दिलेले असते. आणि त्याचे कारणही बहुधा धगच असते. ज्या मालकाचा पारा चटकन चढतो, त्याच्या पेढीत वाईट बातमी सर्वांत शेवटी मालकाला कळते. चांगली बातमी स्वतःच्या पायांनी चालत येते. वाईट बातमीला मात्र वाट करून द्यावी लागते, आणि ती आणणाऱ्याला पहिल्यांदा आपण कसे वागवितो यावर ती वाट पुढे चालू राहणार की बुजणार हे ठरते.

अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या आपल्या घरांत तरी हे घडू नये. वस्तूला अनेक बाजू असतात आणि एका जागी उभ्या असलेल्या माणसाला त्यातली एकच दिसते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट प्रत्येक पाठशाळेत सांगितली जाते. पण दुकानात पाऊल टाकताच आपण समजतो की आपल्याला संपूर्ण हत्ती दिसतो आणि नोकराला केवळ शेपूट. वास्तविक झाडावरून जे दिसते ते गादीवरून दिसत नाही. त्याला विचारणे हा मोठेपणा नव्हे. आपल्या ज्ञानाची सीमा ओळखणे एवढेच ते आहे.

व्रतांमधले व्यवस्थापन

गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे जे अतिचार आपल्या आचारग्रंथांत सांगितले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ हे दोन आहेत. शक्तीपेक्षा जास्त भार लादणे आणि अन्नपाणी वेळेवर मिळू न देणे. लहानपणी आम्हाला हे बैलगाडीच्या उदाहरणाने शिकविले गेले. आज आपल्यापैकी फारच थोड्यांकडे बैल आहेत. पण हाताखाली माणसे आहेत.

एप्रिलमधल्या भर दुपारी कातळावर काम करणाऱ्याच्या पायाखालची उष्णता मी त्या भेटीत प्रथम अनुभवली. काढणी सकाळी दहापर्यंत आणि पुन्हा चारनंतर करावी, असे फळाच्या हिताचा विचार करून तज्ज्ञ सांगतात. आकड्याच्या मागे लागलेल्या मी त्या आठवड्यात दिवसभर काढणी करवून घेतली होती. फळावरही अत्याचार आणि माणसावरही. थकलेल्या माणसाची नजर दहा आणे आणि चौदा आणे यांत फरक करू शकत नाही. करुणा आणि कार्यक्षमता या दोन वेगळ्या खात्यांतल्या रकमा आहेत, असा आपला समज असतो. बागेत त्या एकाच खात्यात जमा होतात. आता आमच्याकडे दुपारची काढणी बंद आहे. मांगरात पिण्याच्या पाण्याची आणि सावलीची सोय आहे, आणि घरापासून दूर आलेल्या गड्यांचे पैसे ठरल्या तारखेला त्यांच्या घरी पोहोचतात. यात उपकार काही नाही. अतिचार टाळण्याचा प्रयत्न आहे.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांतही दोन गोष्टी जणू बाजारासाठीच सांगितल्या आहेत. मापात कमीजास्त करणे, आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल मालाच्या नावाने त्यासारखा दिसणारा दुसरा माल विकणे. देवगडच्या बागायतदारांना आज ज्या संकटाने ग्रासले आहे ते नेमके हेच. परप्रांतातून आलेला तसाच दिसणारा आंबा देवगडच्या नावाने, देवगड छापलेल्या खोक्यात विकला जातो. यात खोके छापणारा, भरणारा आणि विकणारा, तिघेही व्यापारी असतात. आपल्या समाजातील कोणी त्यांत नसेल अशी आशा मी करतो. खात्री देऊ शकत नाही.

नाव सर्वांचे, जबाबदारी प्रत्येकाची

या संकटावर देवगडने शोधलेला मार्ग सामूहिक नेतृत्वाचा चांगला नमुना आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील फळासाठी आहे आणि त्याच्या नोंदणीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाबरोबर देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेचाही समावेश आहे. परंतु कायद्याचा कागद खोक्याला चिकटत नाही. म्हणून या संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा शिक्का लावण्याची पद्धत आणली. बागायतदाराला त्याच्या उत्पादनाच्या प्रमाणातच शिक्के द्यावयाचे, आणि शिक्क्याचे छायाचित्र पाठवून ग्राहकाला फळाची खातरजमा करता यावी, अशी ही योजना आहे.

यातली विचार करण्याजोगी गोष्ट तंत्रज्ञानाची नाही. बागायतदार हा स्वभावाने स्वतंत्र वृत्तीचा माणूस. आपली बाग, आपला आडत्या, आपला दर. अशा माणसांनी स्वतःवर मर्यादा घालून घ्यावयाची, जादा शिक्के मागावयाचे नाहीत, दुसऱ्याचा माल आपल्या शिक्क्याखाली विकावयाचा नाही, हे मान्य करणे सोपे नव्हे. येथे कोणी कोणाचा मालक नाही. म्हणून हुकूम चालत नाही, विश्वासच चालवावा लागतो. आणि ज्याच्यावर नाव असते तो आपोआप काळजी घेतो. निनावी कामात माणूस चुकतो. स्वतःची खूण असलेल्या कामात तो दोनदा पाहतो. आमच्या पेटीत आता भरणी करणाऱ्या भगिनींच्या गटाची चिठ्ठी असते. तक्रार आली तर तिच्यावरून कारण शोधता येते, हे खरे. पण प्रशंसा आली तर ती योग्य हातांपर्यंत पोहोचते, हे अधिक खरे.

एका हाताची हयगय सर्वांना कशी भोवते, याचे मोठे उदाहरण फार जुने नाही. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात बंद केली. ऐन हंगामात बंदी आली. काळजी घेणारा आणि न घेणारा, दोघांचेही दार एकाच वेळी बंद झाले. तपासणीची व्यवस्था सुधारल्यानंतर २०१५ च्या आरंभी ती उठली. बाजार आपल्याला एकेकटे ओळखत नाही, नावाने ओळखतो, आणि नाव सामायिक असते.

फाटक आणि वालचंद

आंब्याची वाट आज घाटातून जाते. रस्ते सुधारण्यापूर्वी देवगड आणि विजयदुर्ग ही बंदरे मुंबईच्या बोटींचे थांबे होती. बोटींचा विषय निघाला की आपल्या समाजाला शेठ वालचंद हिराचंद आठवतातच. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस देश आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण त्यांच्या कर्तृत्वाचा मला विशेष वाटणारा भाग त्याच्या पूर्वीचा आहे.

१८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांच्या घरचा व्यवसाय सावकारी आणि व्यापाराचा. घरची गादी तयार असताना त्यांनी रेल्वेच्या बांधकामाच्या ठेक्यांत उडी घेतली, ती लक्ष्मणराव फाटक यांच्या सोबतीने. फाटक हे रेल्वेत कारकून होते. कामाची माहिती त्यांच्याकडे, भांडवल आणि धाडस वालचंदांकडे. धनिकाने कारकुनाला नोकरीवर ठेवून त्याचे ज्ञान विकत घेणे त्या काळी अधिक स्वाभाविक ठरले असते. वालचंदांनी त्यांना भागीदार केले आणि फर्मच्या नावात फाटकांचे नाव आले. पुढे बोगदे, जहाजे, विमाने, मोटारी, साखर अशा ज्या ज्या क्षेत्रांत ते उतरले, त्यांतले बहुतेक त्यांनी स्वतः कधी शिकलेले नव्हते. जाणणाऱ्याला जवळ करणे आणि त्याच्या जाणण्याला मान देणे, ही विद्या मात्र त्यांनी पहिल्या ठेक्यापासूनच आत्मसात केली होती.

आपल्या कौटुंबिक पेढ्यांत मान रक्ताला मिळतो आणि वयाला मिळतो. तो ज्ञानालाही मिळावा. वीस वर्षे इमानाने काम करणारा मुनीम आणि परवा पदवी घेऊन आलेला नातू यांच्यात मतभेद झाला, तर निदान मुनीमजींचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले जावे. आणि हा न्याय उलटही लागू आहे: घरातला तरुण झाडाखाली उभा राहून जे सांगतो, ते काकांनी ऐकावे.

हंगामाचे प्रतिक्रमण

अलीकडे सर्व कंपन्यांत आढावा बैठका होतात. मी पाहिलेल्या बहुतेक बैठकांत वरिष्ठ कनिष्ठांच्या चुका वाचून दाखवितात. आपल्या परंपरेतला आढावा याच्या अगदी उलट आहे. प्रतिक्रमणात आपण दुसऱ्याचे दोष आठवीत नाही. आज माझ्याकडून काय घडले, हे स्वतःला विचारतो. हा क्रम व्यवसायात आणता येतो. हंगामात रोज सायंकाळी बागेवरून फोन येतो, तेव्हा पहिली चूक मी माझी सांगतो. कधी दर सांगण्यात चुकलेलो असतो, कधी गाडी उशिरा पाठविलेली असते. त्यानंतर पलीकडून खरे ऐकू येऊ लागते. पहिल्या वर्षी यास तीन आठवडे लागले. तोवर रोज “सगळे ठीक आहे” एवढेच उत्तर येई. हंगाम संपल्यावर मांगरासमोर सारे एकत्र बसतात. हिशोब सर्वांसमोर होतो आणि गावी परतणाऱ्या गड्यांची आम्ही हात जोडून क्षमा मागतो. क्षमावाणीच्या दिवशी आपण नातेवाइकांना संदेश पाठवितो. ज्यांच्यावर वर्षभर आवाज चढवितो त्यांना बहुधा विसरतो.

हे सारे केल्याने नफा दुप्पट झाला, असे मी सांगणार नाही. पुढच्या अक्षय्य तृतीयेला संघाच्या समितीपुढे जाऊन मी स्वच्छ सांगितले की मागणीच्या निम्म्याच पेट्या देऊ शकेन. समितीने ते मान्य केले. काही जुने ग्राहक मात्र लवकर माल मिळतो म्हणून दुसरीकडे गेले आणि सारेच परत आले नाहीत. हंगामाच्या आरंभीचा चढा दर आमच्या हातून सुटतो, तो अजूनही सुटतोच. आढीतून वाया जाणारी फळे मात्र पुष्कळ कमी झाली आहेत, आणि बागेवर येणारे गडी तेच ते येतात.

मागील एका हंगामात भल्या सकाळी पुतण्याचा फोन आला. “काका, आज काढणी थांबविली आहे. फळ अजून बारा आण्यांवर आहे. चार दिवस लागतील.” समोर मागण्यांची वही उघडी होती. गाडी ठरलेली होती, तिचे भाडे अंगावर पडणार होते. जुने शब्द जिभेवर आलेच होते, ते गिळले आणि म्हणालो, “बरे केलेस. ग्राहकांना मी कळवितो.”

वाचकहो, आपल्याही पेढीत या क्षणी कोणीतरी झेला हातात धरून उभा आहे. त्याला जे दिसते ते आपल्याला दिसत नाही. त्याने गेल्या वर्षभरात आपल्याला कधी “नाही” म्हटले का, हे आज सायंकाळी दुकान वाढविताना आठवून पाहावे. एकदाही म्हटले नसेल, तर त्यात समाधान मानू नये. आपल्याकडून काय घडले असेल, याचा शोध त्याच रात्री सुरू करावा.